देणारी आई, घेणारी लेक

किडनी बदललेली बाई आई होऊ शकते का, हा प्रश्न वैद्यकशास्त्रापुरता १९५८ सालीच सुटला. ओक्लाहोमाच्या एडिथ हेल्म या तरुणीला मे १९५६ मध्ये बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलात तिच्या जुळ्या बहिणीची किडनी बसवली गेली. शस्त्रक्रिया करणारे होते जोसेफ मरे. त्यांना पुढे १९९० मध्ये नोबेल मिळालं. १० मार्च १९५८ रोजी एडिथबाईंना मुलगा झाला. दाता सारखीच जुळी बहीण असल्याने शरीराने परकी किडनी नाकारण्याची भीती तिथे नव्हती, म्हणून हा दाखला अर्धाच धरावा, असं कुणी म्हणेल. पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही पुढच्या काही वर्षांत मुलं झाली. १९७६ मध्ये न्यूकॅसलचे जॉन डेव्हिसन आणि त्यांचे सहकारी यांनी तर अशा बाळंतपणाच्या अटीच लिहून दिल्या: प्रत्यारोपणाला दोन वर्षं झालेली असावीत, रक्तदाब ताब्यात असावा, लघवीतून प्रथिनं जात नसावीत, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला घटक) मर्यादेत असावं आणि गोळ्यांचा डोस कमीत कमी असावा. थोड्याफार फरकाने आजही डॉक्टर याच अटी सांगतात. तरीही अंधेरी-घाटकोपरच्या एखाद्या घरात अशी बाई दिवस गेल्याचं सांगते, तेव्हा घरचे लोक आणि पुष्कळदा गल्लीतला डॉक्टरही चक्रावतो. याचं कारण औषधांच्या इतिहासात सापडत नाही. मुंबईत आई आणि किडनी यांची गाठ कोणत्या क्रमाने पडत गेली, तिकडे बघावं लागतं. इथे आई आधी बाळंतपणात किडनी गमावणारी रोगी म्हणून आली, मग किडनी देणारी म्हणून आली, आणि किडनी घेऊन आई होणारी बाई सगळ्यांत शेवटी आली. त्या शेवटच्या बाईसाठी जागाच केलेली नव्हती, असं माझं म्हणणं आहे.

पहिला टप्पा आता विसरला गेला आहे. १९६० च्या दशकात भारतातल्या मोजक्या हॉस्पिटलांत डायलिसिसची यंत्रं आली, तेव्हा त्यांवर येणाऱ्या रोग्यांत बाळंतिणी आणि चोरून गर्भपात केलेल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. अडाणी हाताने केलेला गर्भपात, त्यातून पसरलेला जंतुसंसर्ग, बाळंतपणातला अतिरक्तस्राव, गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाचे झटके, यांतल्या कशानेही धडधाकट बाईची लघवी दोन दिवसांत बंद पडायची. काही जणींच्या किडनीचा बाहेरचा थर कायमचा मरायचा आणि मग ती किडनी परत काम करायची नाही. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेची आकडेवारी या बाबतीत बोलकी आहे. १९६५ ते १९७४ या काळात अचानक किडनी बंद पडलेल्या रोग्यांपैकी २२ टक्के प्रसूती किंवा गर्भपाताच्या होत्या. १९८१ ते १९८६ मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. मधल्या काळात १९७१ चा गर्भपाताचा कायदा झाला होता. ज्या समितीच्या अहवालावर तो कायदा उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री. मुंबईत केईएमसारख्या ठिकाणी किडनीच्या उपचारांची स्वतंत्र शाखा उभी राहत होती आणि ती उभी करणाऱ्यांत डॉ. विद्या आचार्य यांच्यासारख्या स्त्री डॉक्टर होत्या. हा तपशील एवढ्यासाठी दिला की, या शास्त्रातल्या आपल्या पहिल्या पिढीच्या डोळ्यांसमोर बाळंतपण हे किडनीचा वैरी म्हणूनच होतं. ‘जीव वाचला हेच पुष्कळ, आता मुलाचं नाव काढू नका’ हा सल्ला त्या अनुभवातून आला आणि अनुभव बदलल्यावरही टिकून राहिला. त्या डॉक्टरांना दोष देता येणार नाही. त्यांनी जे पाहिलं होतं, ते भयंकरच होतं.

दुसरा टप्पा प्रत्यारोपणाचा. भारतातला पहिला प्रयत्न १९६५ मध्ये मुंबईतच, केईएममध्ये झाला. मृत व्यक्तीची किडनी बसवली, पण रोगी वाचला नाही. जिवंत दात्याकडून यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालं. मराठी घरांत ‘डायलिसिस’ हा शब्द पोहोचवला तो मात्र मुंबईच्या जसलोक रुग्णालयाने. नोव्हेंबर १९७५ मध्ये जयप्रकाश नारायण तिथे दाखल झाले आणि त्यांचं डायलिसिस सुरू झालं. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० च्या दशकात आलं. त्याच्या आधी किडनी टिकवायची तर रक्ताचं नातं हाच मोठा आधार होता, आणि आईची किडनी अपत्याशी निम्मी तरी जुळतेच. त्यामुळे दाता म्हणून पहिलं नाव निघायचं ते आईचं. मग बायकोचं, मग बहिणीचं. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा फेब्रुवारी १९९५ मध्ये महाराष्ट्रात लागू झाला. किडनीचा उघड बाजार त्याने बेकायदा ठरवला आणि जिवंतपणीचं दान मुख्यतः जवळच्या नातेवाइकांपुरतं आणलं. हे करायलाच हवं होतं. पण दान घराच्या चार भिंतींत आलं की घरातला जुना हिशेबही त्याला लागू होतो. कमावत्याला हात लावायचा नाही. घरात बसलेली आहे, तिची घ्या. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेची, म्हणजे नॉटोची, २०१९ ते २०२३ ची आकडेवारी पाहा. जिवंतपणी झालेल्या ५६,५०९ अवयवदानांपैकी ३६,०३८ स्त्रियांनी केलेली, आणि त्याच काळात अवयव मिळालेल्या स्त्रिया १७,०४१. शंभर देणाऱ्यांत चौसष्ट बायका, शंभर घेणाऱ्यांत तीस. कायद्यालाही हे ठाऊक आहे. २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की, दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रोग्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्यावी. असा नियम कुणी उगाच लिहीत नाही. आणि तो लिहूनही जुलै २०१६ मध्ये पवईच्या एका खासगी रुग्णालयात चाललेलं प्रत्यारोपण ऐन वेळी थांबवावं लागलं, कारण दाता म्हणून उभी केलेली ‘पत्नी’ खोट्या कागदपत्रांवरची होती. बनावट दाता उभा करायचा तर बायकोच उभी करावी, तीच कुणाला खटकणार नाही, हे त्या दलालांनी बरोबर हेरलं होतं.

यावर आक्षेप येतो की, किडनी निकामी होण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त, त्यामुळे घेणारेही पुरुषच जास्त असणार. आक्षेपात तथ्य आहे. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार जगभर बायकांत किंचित जास्त आढळतो, पण डायलिसिसपर्यंत पोहोचणाऱ्यांत पुरुष अधिक असतात. बायकांचा आजार सावकाश वाढतो, हे त्याचं एक कारण. पण साधारण साठ पुरुषांमागे चाळीस बायका हा तो फरक आहे. तो सत्तर-तीसपर्यंत ताणला जातो, तिथे शरीरशास्त्र संपतं आणि समाज सुरू होतो. यात आणखी एक गोष्ट आहे, जिचा उल्लेख फारसा होत नाही. गरोदरपणात बाळातला वडिलांकडून आलेला अंश आईच्या रक्ताला परका वाटतो आणि काही जणींच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. पुढे त्या बाईला किडनी लागली, तर नवऱ्याची किडनी तिला चालेलच असं नाही. बायकोची नवऱ्याला चालण्यात मात्र ही अडचण येत नाही. म्हणजे नवरे द्यायला तयार नसतात, एवढंच म्हणून भागत नाही. आई होण्याने बाईची घेण्याची वाट अरुंद होते, हेही खरं. तेव्हा हा फरक निव्वळ अन्याय म्हणू नये. पण जी मुलगी विशी-पंचविशीत आजारी पडते, जिला अजून मूलबाळ नाही, तिच्या बाबतीत हे कारण लागूच पडत नाही. तिथे उरतो तो ‘हिच्या लग्नाचं काय’ हा प्रश्न. तो मुलाच्या बाबतीत सहसा उठत नाही.

आता उपनगराकडे येऊ, कारण तिसऱ्या टप्प्याची गोष्ट तिथली आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५६ हजार होती आणि मुंबई शहर जिल्ह्याची ३० लाख ८५ हजार. चारातली तीन माणसं उपनगरात. पण सार्वजनिक रुग्णालयांतली मोठी, शिकवणारी रुग्णालयं सगळी शहरात राहिली: परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, शीवचं लोकमान्य टिळक, भायखळ्याचं जेजे. उपनगरातल्या कूपरला वैद्यकीय महाविद्यालय जोडलं गेलं ते २०१५ मध्ये. परळला केईएमला लागूनच नौरोजी वाडिया प्रसूतिगृह आहे. दोन्ही १९२६ ची. किडनीचा तज्ज्ञ आणि प्रसूतीचा तज्ज्ञ एकमेकांना हाक मारण्याच्या अंतरावर असणं ही केवढी सोय आहे, हे ती नसलेल्या ठिकाणी कळतं. उपनगरात या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी वाढल्या. बाळंतपण वाढलं ते महापालिकेच्या प्रसूतिगृहांतून आणि नाक्यानाक्यावरच्या नर्सिंग होममधून, जिथे पुष्कळदा नवरा-बायको दोघं डॉक्टर, खाली दवाखाना आणि वर दहा खाटा. डायलिसिस वाढलं ते धर्मादाय न्यासांच्या आणि सेवाभावी क्लबांच्या केंद्रांतून. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली या भागांत सवलतीच्या दरात डायलिसिस करून देणारी ही केंद्रं नसती, तर हजारो संसार कोलमडले असते. प्रत्यारोपण वाढलं ते या शतकात आलेल्या बड्या खासगी रुग्णालयांतून. नर्सिंग होमला किडनी ठाऊक नाही, डायलिसिस केंद्राला गर्भ ठाऊक नाही, आणि बड्या रुग्णालयाचं बिल बोरिवलीच्या चाळीतल्या माणसाला झेपत नाही. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना मुंबई आणि उपनगरासह आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात कुटुंबाला दीड लाख आणि किडनी प्रत्यारोपणाला अडीच लाखांचं संरक्षण होतं. हीच योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. शस्त्रक्रियेचा प्रश्न तिने पुष्कळ हलका केला. त्यानंतरच्या वर्षांचा, गोळ्यांचा आणि तपासण्यांचा प्रश्न मात्र तिथेच राहिला, आणि आई होण्याची वेळ येते ती नेमकी त्या वर्षांत.

ती वेळ येते म्हणजे काय होतं, ते जवळून पाहिल्याशिवाय या दुराव्याचा अर्थ कळत नाही. डायलिसिसवर असताना अनेकींची पाळी अनियमित होते किंवा थांबते. नवी किडनी लागली की काही महिन्यांतच ती परत येते, आणि बीजनिर्मिती कधीकधी पाळी दिसण्याआधीच सुरू झालेली असते. आपल्याला मूल होणार नाही अशी समजूत करून घेतलेल्या बाईला म्हणूनच नको त्या महिन्यात दिवस जातात. आणि तेव्हा ती मायकोफेनोलेट घेत असते. ही गोळी किडनी टिकवायला उत्तम, पण गर्भाला घातक. गर्भपात होतो, आणि बाळ वाढलंच तर कान किंवा ओठ-टाळू यांत व्यंग राहू शकतं. दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी ती बंद करून अ‍ॅझाथायोप्रिन सुरू करावी लागते आणि बदल किडनीला मानवला का, ते पाहावं लागतं. टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध सहसा चालू राहतं, बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. त्याची पातळी मोजायला सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावं लागतं. गरोदरपणात अंगातलं रक्ताचं प्रमाण वाढतं, पातळी खाली येते, डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उतरवावा लागतो. बसवलेली किडनी पाठीत नसते. ती असते ओटीपोटात एका बाजूला, कमरेच्या हाडाच्या खोबणीत, म्हणजे वाढणाऱ्या गर्भाशयाच्या शेजारीच. नैसर्गिक प्रसूतीला ती सहसा आड येत नाही; पण सिझेरियन करायची वेळ आली, तर मूत्रवाहिनी कुठून जाते ते सर्जनला आधी ठाऊक हवं. सातव्या-आठव्या महिन्यात रक्तदाब चढला आणि लघवीत प्रथिनं दिसली, तर ते गरोदरपणातलं रक्तदाबाचं दुखणं की किडनी नाकारली जाते आहे, हे एकट्या प्रसूतितज्ज्ञाला सांगता येत नाही आणि एकट्या किडनीतज्ज्ञालाही नाही. दोघांनी एकाच दिवशी एकच कागद पाहायला हवा.

आपल्या रीतीही इथे आड येतात. पहिलं बाळंतपण माहेरी, हा त्यातला सर्वांत प्रेमळ रिवाज. घाटकोपरची सून सातव्या महिन्यात ओटी भरून चिपळूणला किंवा साताऱ्याला जाते. जिची टॅक्रोलिमसची पातळी दर पंधरवड्याला पाहायची आहे, तिला हे करता येत नाही. माहेरालाच अंधेरीला यावं लागतं. बाळंतकाढा आणि कुणीतरी प्रेमाने सुचवलेला वनस्पतींचा अर्क यांनी औषधाची पातळी वर-खाली होऊ शकते, म्हणून विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. उलट, अंगावर पाजू नये हा जुना वैद्यकीय सल्ला आता सैल झाला आहे. टॅक्रोलिमस, अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड घेणाऱ्या आईला पाजायला आज बहुतेक तज्ज्ञ हरकत घेत नाहीत. मायकोफेनोलेट परत सुरू केलं, तर मात्र पाजायचं नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे: कुणीतरी, पुष्कळदा जन्मदात्या आईने, स्वतःचा अवयव काढून दिला, तो मुलापायी पणाला लावायचा का? याला उत्तर आकड्यांनीच दिलं पाहिजे. २०११ मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत प्रत्यारोपणानंतरच्या गरोदरपणांपैकी सुमारे ७३ टक्क्यांत जिवंत मूल जन्मलं. गरोदरपणात रक्तदाब चढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा विकार, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया, २७ टक्के जणींना झाला, सिझेरियन ५७ टक्के जणींचं, आणि जवळजवळ निम्मी बाळं वेळेआधी जन्मली. सरासरी वजन २,४२० ग्रॅम. हे सोपं बाळंतपण नाही आणि ते सोपं आहे असं सांगणाऱ्याचं ऐकू नये. पण ज्यांचं क्रिएटिनिन चांगलं होतं, रक्तदाब ताब्यात होता आणि ज्यांनी योग्य काळ थांबून ठरवून गर्भधारणा केली, त्यांची किडनी केवळ बाळंतपणामुळे लवकर गेली, असं आढळत नाही. धोका वाढतो तो किडनी आधीच कुरकुरत असताना, किंवा बेसावध दिवस गेल्यावर. म्हणजे जोखमीचा मोठा वाटा नियोजनाने कमी होणारा आहे. दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. जिवंत दात्याची किडनी साधारण पंधरा-वीस वर्षं चालते. मूल दहावी-बारावीला असताना आई परत डायलिसिसवर जाऊ शकते. हे तिला आधी सांगायला हवं. सांगितल्यानंतर निर्णय तिचा.

काही स्त्रीवादी मंडळी उलट बाजूने विचारतात: मरता मरता वाचलेल्या बाईलाही आपण मूल जन्माला घालूनच स्वतःला सिद्ध करायला लावतो आहोत का? शंका अगदी रास्त आहे. दत्तक घेणं हा पूर्ण मार्ग आहे, दुय्यम नव्हे, आणि २०२१ च्या कायद्याने घातलेल्या अटींत, वैद्यकीय कारण असेल तर सरोगसीही शक्य आहे. पण ‘नको’ म्हणण्याला अर्थ येतो तो ‘हो’ म्हणणं शक्य असेल तेव्हाच. जिला कुणी गर्भनिरोधकाबद्दल सांगितलं नाही, गोळी बदलता येते हे सांगितलं नाही, तिने मूल न होऊ देणं ही निवड नसते. पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी मे २०१७ मध्ये भारतातली पहिली गर्भाशय प्रत्यारोपणं केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांतल्या एकीला मुलगी झाली; गर्भाशय तिच्या आईने दिलं होतं. आजीच्या गर्भाशयातून नात आली म्हणून देशभर कौतुक झालं, ते योग्यच. पण त्याच राज्यात किडनी बदललेल्या बाईच्या साध्या गर्भधारणेला, जिचं शास्त्र त्याहून साठ वर्षं जुनं आहे, नीट वाट नाही. दुर्मीळ पराक्रमाला मथळा मिळतो. नेहमीच्या कामाला ओपीडीतली एक खोलीसुद्धा मिळत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये नॉटोने राज्यांना सूचना केली की, मृत दात्याच्या अवयवांसाठी प्रतीक्षेत असलेल्या स्त्रियांना प्राधान्य द्यावं. ही सूचना मनापासून पाळली गेली, तर येत्या काही वर्षांत उपनगरांतल्या तरुण मुलींना आजवर मिळाल्या त्यापेक्षा जास्त किडन्या मिळतील, आणि त्यातल्या बऱ्याच जणी आई व्हायचं म्हणतील. महापालिकेने त्यासाठी नवं रुग्णालय बांधायची गरज नाही. कूपर आणि घाटकोपरचं राजावाडी इथे पंधरवड्यातून एक दिवस किडनीतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी एका टेबलाशी बसावं, टॅक्रोलिमसची पातळी तिथेच मोजून मिळावी, आणि अडलेल्या बाईला परळला कुणाकडे पाठवायचं ते नावानिशी ठरलेलं असावं. आणि ज्यांच्या घरात अशी मुलगी आहे, त्यांनी प्रत्यारोपणानंतर घरी सोडताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारूनच निघावं: दिवस राहू नयेत म्हणून आज काय वापरायचं, हिच्या गोळ्यांत मायकोफेनोलेट आहे का, आणि मूल हवं असेल तर किती आधी तुमच्याकडे यायचं.